टेक्निशियन म्हणजे अर्धा इंजिनिअर नव्हे

१४ एप्रिल २०२५ रोजी हरियाणातल्या हिसारमध्ये पंतप्रधान म्हणाले, की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिकपणे उपयोग झाला असता तर मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवण्याची वेळ आली नसती. त्यानंतर आठवडाभर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर उत्तरांचा पाऊस पडला. कुणी अब्दुल कलामांचा फोटो टाकला, कुणी अझीम प्रेमजींचा, तर कुणी यूपीएससी पास झालेल्या मुस्लिम मुलामुलींची यादी. सगळ्यांचा सूर एकच होता : आम्ही नुसते पंक्चरवाले नाही, बघा, आमच्यात असेही लोक आहेत.

मला हे उत्तर मान्य नाही. हाताने दुरुस्ती करणारा माणूस कमी प्रतीचा, असं टोमणा मारणारा गृहीत धरतो. उत्तर देणाऱ्यांनी ते गृहीत निमूट स्वीकारलं आणि आमच्यातले सगळेच तसे नाहीत, एवढंच सांगितलं. मग जे तसे आहेत त्यांचं काय? जे पंक्चर काढतात, मोटार बांधतात, मोबाइलचा बोर्ड सोल्डर करतात, फ्रिजमध्ये गॅस भरतात, त्यांना तुम्ही कुठे लपवणार? तुमच्या-माझ्या गावातली निम्मी घरं त्यांच्याच कमाईवर चालतात.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला टेक्निशियन आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ नाकाडोंगरी नावाचं गाव आहे, तिथला. बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी टीव्ही, मग दवाखान्यातली यंत्रं, आता जे येईल ते. म्हणून हे बाहेरून लिहीत नाही.

आधी टेक्निशियन म्हणजे कोण ते सांगतो, कारण आपल्याकडे हा शब्द नीट कुणाला माहीत नाही. इंजिनिअर यंत्राचा आराखडा करतो. ऑपरेटर यंत्र चालवतो. यंत्र बंद पडलं की या दोघांच्या मधला एक माणूस लागतो, ज्याला आराखडा वाचता येतो आणि हातही चालवता येतो. तो टेक्निशियन. लोक त्याला मिस्त्री म्हणतात, मेकॅनिक म्हणतात, किंवा नुसतंच ‘भाई’ म्हणतात.

साधं उदाहरण घ्या. टीव्हीचा पॉवर सप्लाय बंद पडला. फ्यूज उडालाय. नवशिका नवा फ्यूज टाकतो आणि तोही फट्कन उडतो. जाणता माणूस आधी उडालेला फ्यूज बघतो. काच काळी पडली असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे. मग तो शंभर वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब भकदिशी पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. एकदा चमकून मंद झाला तर पुढचा भाग बहुधा ठीक आहे. आत बसलेल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे तो रिकामा केल्याशिवाय बोट लावायचं नसतं. मग रेक्टिफायर, मग मॉसफेट, मग त्याला सिग्नल देणारी आयसी. प्रत्येक पायरीवर एक अंदाज, एक मोजमाप, आणि मोजमाप सांगेल तसा पुढचा अंदाज. डॉक्टर निदान करतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? फरक इतकाच, की डॉक्टरला त्यासाठी मान मिळतो आणि आम्हाला विचारलं जातं, ‘एवढुशा कामाचे तीनशे?’

आता बाहेरच्यांना बाजूला ठेवू. आपलंच बघू.

कुठल्याही शहरातल्या आपल्या करिअर मार्गदर्शन मेळाव्याला जा. स्टेजवर डॉक्टर असेल, वकील असेल, एखादा अधिकारी असेल. भाषणातलं एक वाक्य हमखास ठरलेलं : ‘आपली मुलं गॅरेजमध्ये सडत आहेत.’ समोर बसलेल्या पोरांपैकी कितीतरी जणांचे बाप त्याच वेळी गॅरेजमध्ये असतात. त्यांच्याच पैशाने त्या हॉलचं भाडं आणि चहा आलेला असतो. पण स्टेजवर त्यांना खुर्ची नसते. रिश्त्याच्या बोलणीत तर विचारूच नका. मुलगा महिन्याला वीस हजार कमावणारा ‘ऑफिसात’ असला तर चालतो. पस्तीस हजार कमावणारा टेक्निशियन असला तर मुलीची आई विचारते, ‘पण हात काळे होणारं काम ना?’

हेच लोक अल-जझरीचे फॉरवर्ड पाठवतात. बाराव्या-तेराव्या शतकातला हा मुस्लिम कारागीर-इंजिनिअर. १२०६ साली त्याने यंत्रांवरचं आपलं पुस्तक पूर्ण केलं. त्यात पाण्याची घड्याळं आहेत, पाणी वर उचलणारी यंत्रं आहेत. पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. अल-जझरीने नुसत्या कल्पना मांडल्या नाहीत. कोणता भाग कसा घडवायचा, कशाला कसा जोडायचा हे सांगितलं. आजच्या भाषेत ते सर्व्हिस मॅन्युअल आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीचा अभिमान आणि मोहल्ल्यातल्या मिस्त्रीची लाज, हा काय हिशेब झाला?

दीनमध्ये या लाजेला आधार शोधाल तर मिळणार नाही. दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवत, जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगलं अन्न नाही, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीबाहेर पडताच विसरतो. मग ही लाज आली कुठून? ती जातीतून आली. आपल्यात जात नाही असं आपण छातीठोकपणे सांगतो, पण शिकलगार, पिंजारी, मोमीन, तांबोळी ही नावं कामांवरूनच पडली आहेत, आणि त्या नावांकडे आपल्यातलेच ‘खानदानी’ लोक कसे बघतात हे मुस्लिम ओबीसी चळवळीने आपल्याला कधीच दाखवून दिलं आहे. धार लावणारा, कापूस पिंजणारा, विणणारा खालचा. मग सोल्डर करणारा वरचा कसा होईल? औजार बदललं, नजर तीच राहिली.

आता सरकारकडे येतो, कारण समाजाची नजर आणि सरकारचं धोरण एकाच रेषेत चालतात. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचवता आली. चौकशीत बोट गेलं ते रेडियंट वॉर्मरकडे, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राकडे. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवल्या गेल्या, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला.

वॉर्मर कसा चालतो ते दोन ओळींत सांगतो. वर हीटर असतो. बाळाच्या त्वचेला तापमान मोजणारा प्रोब चिकटवलेला असतो. प्रोब सांगेल तसा कंट्रोलर हीटर कमी-जास्त करतो. प्रोब निसटला की त्याला खोलीची थंड हवा लागते, कंट्रोलर समजतो बाळ गार पडलं, आणि हीटर तापवत राहतो. अलार्म, कट-ऑफ, प्रोब, वायरिंग हे सगळं ठरलेल्या वेळी उघडून, मोजून बघावं लागतं. हे परिचारिकेचं काम नाही. तिला ते शिकवलेलंही नसतं. हे टेक्निशियनचं काम आहे. त्या दिवसांत मी टीव्हीवर ज्या चर्चा ऐकल्या त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, अग्निशमनाचा दाखला होता, राजकारण तर होतंच. यंत्राची देखभाल हे एक स्वतंत्र कौशल्याचं काम आहे, त्यासाठी कायमचा, शिकलेला, जबाबदार माणूस लागतो, ही गोष्ट कुणाच्या तोंडी आली नाही. जी व्यक्ती आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, तिची उणीव तरी कशी दिसणार?

ही एका जिल्ह्याची गोष्ट नाही. २०१५ च्या सुमारास केंद्राने देशभरातल्या २९ हजारांहून जास्त सरकारी आरोग्यसंस्थांतली उपकरणं मोजली. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद पडलेली निघाली. त्यावर उपाय काय काढला? देखभालीचं काम राज्यांनी कंपन्यांना कंत्राटावर द्यावं. दवाखान्यात कायमचे टेक्निशियन भरू, त्यांना पगारश्रेणी देऊ, असं नाही.

असल्या कंत्राटावर मी काम केलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सवाल एका कंपनीचा नाही. माझ्या ओळखपत्रावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ लिहिलेलं होतं, म्हणजे दवाखान्यासमोर रुबाब राहावा; आणि पगारपत्रकावर ‘हेल्पर’, म्हणजे किमान वेतनाचा खालचा दर लावता यावा. एकाच माणसाला एकाच दिवशी इंजिनिअरही म्हणायचं आणि हेल्परही म्हणायचं, पण जो तो आहे तो टेक्निशियन मात्र म्हणायचं नाही. चार तालुक्यांतली यंत्रं एकट्याकडे. पेट्रोल आपलं, मल्टिमीटर आपला. पार्ट आला नाही तरी ‘कॉल क्लोज’ दाखवायचा दबाव. मी तशी सही करायला नकार दिला तेव्हा पुढच्या महिन्यापासून कंत्राट वाढवलं गेलं नाही.

पोरं शिकून बाहेर पडतात त्यांचंही तेच. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत, असं त्याचे नियम सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं, की अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला महिना किमान ८,००० आणि आयटीआयवाल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. तुमसरहून चाकणला किंवा रांजणगावला गेलेला पोरगा त्यात खोलीचं भाडं देईल, डबा लावील, की घरी पाठवील? त्यात नाव ‘शेख’ किंवा ‘पठाण’ असलं की खोली मिळायलाच दोन महिने. वर्ष संपलं की नवी तुकडी येते आणि हा पुन्हा गावच्या बसमध्ये. लाइनवर काम तेच चालू असतं, फक्त चेहरे बदलतात. याला शिक्षण म्हणायचं की स्वस्त मजुरी?

बरं, कारखाने आपल्याकडेच येतील म्हणावं तर तेही बघून झालं. नाकाडोंगरीपासून जवळच डोंगरी बुजुर्गची मॉइलची खाण आहे. तिथल्या मँगनीज डायऑक्साइडला ड्राय सेलच्या कारखान्यांत मागणी असते. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधल्या, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ती याच पदार्थाची. म्हणजे आमच्या भागातली माती इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कधीच पोचली. आमची पोरं मात्र अजून बसस्टँडवर आहेत. २०१३ मध्ये साकोली तालुक्यात मुंडीपारला भेलच्या कारखान्याची कोनशिला बसली. सोलरचं उत्पादन होणार, हजारोंना काम मिळणार, असं सांगितलं. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. कारखाना उभा राहिला नाही. त्या भरवशावर ज्यांनी पोरांना डिप्लोमाला घातलं, त्यांची यादी कुणी ठेवत नाही.

उरतं आपलं छोटं दुकान. तेही आता कंपन्यांच्या मुठीत चाललं आहे. जुन्या रेडिओच्या, टीव्हीच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. बनवणाऱ्याला ठाऊक होतं, की कधीतरी एक मिस्त्री हे झाकण उघडणार आहे. आजचा मोबाइल गोंदाने बंद केलेला, नकाशा गुप्त, पार्ट मिळाला तरी सॉफ्टवेअर म्हणतं ‘हा पार्ट ओळखीचा नाही’. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर प्रामुख्याने कंपन्यांनी दिलेली माहिती आणि कंपन्यांच्या सेवा केंद्रांचे पत्ते. नाकाडोंगरीच्या दुकानदाराला सर्किटचा नकाशा मागण्याचा कायदेशीर हक्क त्यातून मिळत नाही. दुरुस्तीचा हक्क फक्त ग्राहकाचा नसतो, दुरुस्त करणाऱ्याचाही असतो. हा प्रश्न लाखो मुस्लिम घरांच्या चुलीशी जोडलेला आहे, आणि आपल्या एकाही संघटनेच्या मागणीपत्रात मी तो पाहिलेला नाही.

इथे मला ठरलेला आक्षेप येईल : ‘म्हणजे आपल्या पोरांनी मेकॅनिकच राहावं? त्यांना तेच तर पाहिजे आहे!’ नाही. ज्याला डॉक्टर व्हायचं आहे त्याने व्हावं, ज्याला कलेक्टर व्हायचं आहे त्याने व्हावं. पण शंभर पोरांपैकी दोघांसाठी स्टेज बांधायचं आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना ‘सडलेले’ म्हणायचं, हे मार्गदर्शन नव्हे. आणि टेक्निशियनचं काम म्हणजे बंद गल्ली, हेही खोटं. दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा आयटीआय करा, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमातून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिडी आहे. ती चढताना हातात कमाईही असते. हे मेळाव्यात कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांपैकी कुणी ती चढलेलं नसतं.

दुसरा आक्षेप आरक्षणाचा. ‘आधी आरक्षण मिळू द्या, मग बघू.’ २०१४ मध्ये महाराष्ट्रात ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला स्थगिती दिली नव्हती, तरी नव्या सरकारने त्याचा कायदा होऊ दिला नाही. ती लढाई लढलीच पाहिजे. पण तोवर पोरांची वयं थांबत नाहीत. आणि उद्या आरक्षण आलं तरी जे पदच भरलं जात नाही त्यातले पाच टक्के किती होतात?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाचं नाव आपण प्रत्येक भाषणात घेतो. त्यात लिहिलं होतं, की मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहेत. आयटीआयच्या प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी आणि मदरशात शिकलेल्या मुलांनाही तिथे जागा द्यावी. वीस वर्षं होत आली. भाषणात सच्चर राहिले, शिफारशी गेल्या. त्या मागण्यासाठी मोर्चा कुणी काढला?

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. सरकारकडे ही : प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात यंत्रांच्या देखभालीसाठी टेक्निशियनचं कायम पद हवं, कंत्राटात पदाचं खरं नाव आणि कुशल कामगाराचा दर हवा, अप्रेंटिसचं वर्ष संपल्यावर किमान काही जणांना नोकरी देण्याची सक्ती हवी, आणि सर्किटचे नकाशे व पार्ट छोट्या दुकानदाराला मिळण्याचा कायदा हवा. या मागण्यांत ‘मुस्लिम’ हा शब्द कुठेच नाही, हे बघा. आमच्या गावातला पोवार, गोंड, महार, तेली पोरगा यासाठी माझ्या शेजारी उभा राहील, कारण त्याच्याही पगारपत्रकावर ‘हेल्पर’च लिहिलेलं असतं. आपल्या दुकानांवर बहिष्कार टाकायचे मेसेज फिरवणाऱ्यांना याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आणि मशिदीच्या कमिटीकडे, जमातीकडे, जकात गोळा करणाऱ्या ट्रस्टांकडे ही : यूपीएससीच्या कोचिंगला पैसे देता, जरूर द्या. पण त्याच जकातीतून हकदार गरीब पोराला एक सोल्डरिंग स्टेशन, एक चांगला मल्टिमीटर, आयटीआयची फी आणि अप्रेंटिसच्या वर्षाचं खोलीभाडंही द्या. एका कोचिंगच्या खर्चात अशी कितीतरी घरं उभी राहतील. मुलींनाही यात घ्या. बारीक सोल्डरिंगला शांत हात आणि तल्लख नजर लागते, खांद्याची ताकद नव्हे. आणि पुढचा मेळावा भरवाल तेव्हा स्टेजवर एक खुर्ची अशा माणसाला द्या, ज्याने वीस वर्षं बंद पडलेली यंत्रं चालू केली आहेत. त्याला भाषण जमणार नाही कदाचित. टेबलावर एक उघडा बोर्ड ठेवा आणि त्यातला दोष त्याला पोरांसमोर शोधू द्या.

जूनच्या सुमारास आयटीआयचे प्रवेश सुरू होतात. तुमसरला सरकारी आयटीआय आहे, तुमच्याही तालुक्याला असेल. दहावीला पंचावन्न टक्के पडले म्हणून ज्या पोराला घरात सकाळ-संध्याकाळ ऐकवलं जातंय, त्याचं बोट धरून या वर्षी कमिटीतल्याच कुणीतरी तिथपर्यंत जावं.